खुर्चीची वीण

१

एका गल्लीच्या टोकाला एक वेतकाम करणारा राहत होता. त्याला होती एक बायको आणि दोन लेकी. थोरली नाटकाच्या शाळेत जाऊन रीतसर शिकून आलेली, तिला सगळे ताई म्हणायचे. धाकटी कुठल्याच शाळेत फार दिवस टिकली नव्हती. तिची टकळी उजाडल्यापासून जी सुरू व्हायची ती दिवे लागले तरी थांबायची नाही, म्हणून बाप तिला टिटवी म्हणायचा.

घर कसलं, दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक. पुढच्या खोलीत पाण्यात भिजत घातलेला वेत, भिंतीला टेकवलेले खुर्च्यांचे सांगाडे, आणि मधे जी काय मोकळी जागा उरेल तिच्यात ताईची मेहनत. ताई येरझाऱ्या घालत वाक्यं म्हणायची. धाकटी बापाशेजारी बसून वेत सोलायची. हात वेतावर, कान ताईकडे. असं करता करता शाळेने ताईला जे शिकवलं ते बरंचसं धाकटीच्या अंगात उतरलं. तिला कुणी ते दिलं नव्हतं, तिनेही मागितलं नव्हतं. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आपल्याकडे येतोच की, तसं.

ताई कधी थट्टेवर यायची. "टिटवे, कर बघू मी आत्ता केलं ते."

धाकटी करून दाखवायची.

"अगं, मान काय अशी टाकतेस? कोंबडी आहेस का?" ताई हसायची, आणि हसता हसता मनातून चरकायची. कारण मान सोडली तर बाकी सगळं बरोबर असायचं.

२

ताई ज्या नाटकमंडळीत काम करायची तिथे नवं नाटक बसायला लागलं. त्यात माणसं दोनच. एक मुलगी घरात एकटी राहते. तिच्याकडे एक अनोळखी पाहुणा येतो, बसतो, आणि उठायचं नाव घेत नाही. आधी पाणी मागतो. मग खिडकी लावून घे म्हणतो. मग विचारतो, घरात आणखी कोण आहे? ती म्हणते, मी एकटीच असते. असं बोलणं वाढत जातं आणि शेवटी ती मुलगी त्याला सांगते, "उठा आता. दार उघडंच आहे." तिथे पडदा पडतो.

पाहुण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळी मंडळी मामा म्हणत. जुने, मुरलेले नट. गुडघा तेवढा धरायचा. मुलीचं काम ताईलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. पण एकदा ताईला ताप आला आणि तालीम अडू नये म्हणून मास्तरांनी, म्हणजे नाटक बसवणाऱ्यांनी, डबा घेऊन आलेल्या धाकटीला उभं केलं. मुलीचीच काय, मामांचीही वाक्यं कुणी सांगण्याआधीच तिला येत होती. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"दोघींचंही बघतो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. जी माझ्या मनात भरेल तिचं काम."

घरी आल्यावर धाकटीने मान खाली घालून हे सांगितलं. ताई अंथरुणातच उठून बसली.

"नुसती पाठांतरं करून येत नाही ते," ती म्हणाली. "उद्यापासून शिकवते. हरायचंच असेल मला, तर माझ्याकडून शिकलेल्या माणसाकडून हरेन."

आई आतून म्हणाली, "बघा, एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या पोरी माझ्या."

३

ताईने तिला खुर्ची दिली. म्हणजे बापाने नुकतीच नव्या वेताने विणलेली एक खुर्ची होती, न्यायला कुणी आलं नव्हतं, ती मधोमध ठेवली.

"समोरचा नट नसला की शाळेत आम्ही असं करायचो," ताई म्हणाली. "इथे पाहुणा बसलाय. तुझं वाक्य तू म्हणायचंस. त्याचं वाक्य यायची वेळ झाली की गप्प बसायचं. मनातसुद्धा म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं. तुझ्या तोंडाला जरा विश्रांती मिळेल."

धाकटीला हे फार आवडलं. आजवर ती नुसती बोलत आली होती. समोरच्यासाठी जागा रिकामी सोडायची, ही गोष्ट तिच्या आयुष्यात नवीनच होती. दुपारी बाप खुर्च्या पोचवायला जायचा, ताई तालमीला जायची, आई मागे जरा आडवी व्हायची. मग धाकटी पुढच्या खोलीत त्या खुर्चीसमोर उभी राहायची.

मंडळीत एक रीत होती. नाटकाचं शेवटचं वाक्य पहिला प्रयोग होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. तालमीत ते आलं की त्याच्याऐवजी एक टाळी वाजवायची, झालं. तसं केलं नाही तर नाटक पडतं म्हणे. जुनी माणसं ही रीत हसत हसत पाळत. धाकटी नवखी होती, आणि नवख्या माणसाची भक्ती जरा जास्तच असते. ती घरीसुद्धा पाळायला लागली. रोज दुपारी पाहुण्याला बोलवायची, पाणी द्यायची, खिडकी लावायची, सगळी उत्तरं द्यायची, आणि शेवटी टाळी वाजवून वेत सोलायला बसायची.

खुर्ची तिथेच असायची.

४

आठवड्याने मास्तरांनी दोघींना बघितलं. ताईने सुरेख केलं. तिचं पाऊल न् पाऊल जागच्या जागी पडलं. मग धाकटी उभी राहिली. मामा खुर्चीत बसले.

"घरात आणखी कोण आहे?" मामांनी विचारलं.

धाकटी गप्प राहिली. तिचं वाक्य यायला हवं होतं, ते आलं नाही. ती मामांकडे बघत होती, पण मामांच्या तोंडाकडे नाही, त्यांच्या डोक्याच्या जरा वर. तिचा चेहरा बदलत गेला. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि ते तिला आवडत नाहीये, असा. मग ती सावकाश म्हणाली, "मी एकटीच असते."

सगळ्या हॉलमध्ये कुणी हललं नाही.

संपल्यावर मामा गुडघा चोळत उठले. "पोरी, माझं वाक्य केव्हाच संपलं होतं. तू नंतर कुणाचं ऐकत होतीस?"

"तुमचंच," धाकटी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. घरी त्या जागेला एवढंच थांबावं लागायचं. तिने ते मोजलं नव्हतं. त्याचं बोलणं संपलं की तिला कळायचं.

मास्तर तर हरखून गेले. "लोकं जन्मभर बोलायला शिकतात हो! हे ऐकणं तुला शिकवलं कुणी?"

"ताईने," धाकटी म्हणाली.

ताई विंगेत उभी होती. ती पुढे आली, धाकटीच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "कोंबडे, जिंकलीस." डोळे पुसायला मात्र बाहेर गेली.

५

त्यानंतरची गोष्ट. बाप एकदा सकाळी त्या खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि बैठकीवरून तळवा फिरवू लागला.

"इथे कोण बसतं?"

"कुणी नाही. मी समोर उभी असते."

"मग हिला झोळ कसा पडला? तुझी मामी येऊन गेली का?"

आतून आई म्हणाली, "माझ्या भावजयीला नावं ठेवू नका. ती आली असती तर पायसुद्धा मोडले असते खुर्चीचे."

सगळे हसले. धाकटीने येऊन बघितलं. नवी, डफासारखी ताणलेली वीण मधे खाली गेली होती. ओल असेल, ती म्हणाली. भिजवलेला वेत शेजारीच असतो.

"ओलीने झोळ पडला तर सगळीकडून सारखा पडतो," बाप म्हणाला. "हा मागच्या बाजूला आहे. ऐसपैस टेकून, रोज, बराच वेळ बसल्याचा आहे." मग त्याने खांदे उडवले. "वेतच हलका आला असेल." त्याने ती बैठक उसवली, चांगला वेत निवडून पुन्हा विणली, आणि बोटाने ठोकून आवाज ऐकला.

दुपारी धाकटीने तालीम केली. पाणी दिलं. खिडकी लावली. करकर असा बारीक आवाज आला. नवा वेत वाळताना वाजतोच, तिने स्वतःला सांगितलं, लहानपणापासून ऐकतेय मी. मग पाहुण्याने विचारायची जागा आली, आणि तिने उत्तर दिलं, "मी एकटीच असते."

इथे पाहुण्याने लगेच दुसरी गोष्ट काढायची असते. पण जागा भरेना. ती थांबली, आणि थांबूनच राहिली. समोर कुणी आपलं बोलणं खोटं मानलं की आपल्याला कसं कळतं, तसं तिला कळलं. तिने पुन्हा म्हटलं, "एकटीच असते मी." नाटकात हे वाक्य दोनदा नाही.

तेव्हा मागच्या खोलीतून आई झोपेतल्यासारखी म्हणाली, "काय गं, माझ्याबद्दल कोण विचारतंय?"

६

आईला स्वप्न पडलं असेल. दुपारची झोप ही अशीच, धड ना जाग धड ना झोप. धाकटीने शंभर कारणं काढली आणि सगळी पटवून घेतली.

पण आई त्या दिवसापासून दुपारी आडवी होईना. ती येऊन बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यात बसायला लागली. उंबऱ्यात बसणारं माणूस रस्त्याकडे तोंड करून बसतं. येणारा-जाणारा दिसतो, दोन शब्द होतात. आई रस्त्याकडे पाठ करून बसायची. तोंड आत, खुर्चीकडे. समोर ताट ठेवलं तर चिवडून परत द्यायची.

"बरं वाटत नाही का गं?"

"बरं आहे की. भूक नाही एवढंच."

"मग इथे का बसतेस?"

"कुणी आलं असताना माणूस आत कसं झोपेल?" आई म्हणाली, अगदी साधेपणाने.

डॉक्टरांनी तपासलं. काही नाही म्हणाले, टॉनिक दिलं. बाटली होती तशी राहिली. आईच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

धाकटीने घरची तालीम बंद केली. खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. आणि हॉलमधली तिची तालीम वाळक्या पानासारखी झाली. मामांचं वाक्य संपलं की हिचं सुरू, हिचं संपलं की त्यांचं. मास्तर एक दिवस बघत राहिले, दोन दिवस बघत राहिले.

"बाई, कुठे गेलं ते ऐकणं?" ते म्हणाले. "असंच करायचं असेल तर शिकलेली बहीण काय वाईट होती?"

घरी येऊन धाकटी बराच वेळ हात गुडघ्यावर ठेवून बसली. एवढी एकच गोष्ट आयुष्यात तिला कुणी चांगली येते म्हणालं होतं. मग ती उठली आणि खुर्ची तिने पुन्हा मधोमध आणून ठेवली.

उंबऱ्यातून आई म्हणाली, "हं. त्यांना बसू दे नीट."

७

प्रयोग रविवारी दुपारी होता. त्या दिवशी सकाळी आईला उठून उभं राहवेना, पण उंबऱ्यात नेऊन बसवा म्हणून तिने हट्ट धरला. बापाने उचलून नेलं. बाप डॉक्टरांना आणायला धावला, तेव्हा ताईने धाकटीचा दंड धरला.

"मी गप्प बसले, कारण मला वाटलं, माझा जळफळाट बोलतोय. आता सांग. काय चाललंय?"

धाकटीने सगळं सांगितलं. झोळ, करकर, थांबणं, आई. ताई हसली नाही.

"शेवटचं वाक्य म्हणतेस ना घरी?"

"छे! प्रयोगाआधी कुठे म्हणतात ते?"

"अगं, ती मंडळीतली रीत झाली. तिथे मामा असतात, टाळी वाजली की चहा प्यायला जातात." ताईचा आवाज खाली गेला. "शाळेत आम्हाला खुर्चीवरचा प्रवेश अर्धा टाकू द्यायचे नाहीत. का, ते कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही." ती खुर्चीकडे बघत नव्हती. "तू रोज बोलावतेस आणि ऊठ कधीच म्हणत नाहीस."

धाकटी खुर्चीसमोर गेली. "उठा आता," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

काही झालं नाही. दारात आई मान कलती करून खुर्चीकडे बघत होती. ओठ हलत होते. कुणाला तरी हो हो म्हणावं तसे.

"नाटक पडलं तर पडू दे," धाकटी रडकुंडीला आली. "म्हटलं मी, तरी!"

"तू पाठ म्हटलंस," ताई म्हणाली. "पाठ केलेल्या वाक्याने कोण उठेल? माझ्याकडे बघ. तुला तो जायला नकोय."

धाकटीने नजर खुर्चीकडे वळवली.

"तुला वाटतं, तो गेला की तुझ्यात काही उरणार नाही. पुन्हा बापाशेजारी वेत सोलत बसशील आणि लोक म्हणतील, थोरली बरी होती. खरं की नाही?"

"खरं," धाकटी म्हणाली.

"मग ते जाऊ दे. आणि मग म्हण."

८

सकाळचं ऊन पुढच्या खोलीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. भिजवलेल्या वेताचं पाणी छतावर हलत होतं. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खुर्ची उन्हात होती आणि तिची बैठक खोल गेली होती, परातीसारखी.

धाकटीने मास्तरांचा चष्मा आठवला. हॉलमधली ती शांतता आठवली, जिच्यात कुणी हललं नव्हतं. ते सगळं तिने एकदा डोळे भरून बघून घेतलं. मग तिने आईच्या मनगटाकडे बघितलं.

"उठा आता," ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता. घरात माणूस आजारी असलं की बसून राहिलेल्या पाहुण्याला सांगावं लागतं, तसाच तो होता. "दार उघडंच आहे."

आधी नुसती शांतता. मग वेत वाजू लागला. एकेक पट्टी, मागून पुढे. आणि दोघी बहिणींच्या डोळ्यांदेखत ती बैठक सावकाश वर आली, वर आली, आणि सपाट झाली.

खोलीत काहीही दिसत नव्हतं. पण उंबऱ्यात बसलेल्या आईने पाय जवळ ओढून घेतले, कुणी जवळून जाताना माणूस घेतं तसे. अंग चोरलं. आणि मान वर केली. माणसाच्या चेहऱ्याशी जिथे मान थांबते तिथे ती थांबली नाही. आणखी वर गेली. चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत गेली. मग आईने मागे वळून, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच, रस्त्याकडे बघितलं.

"गेले बाई," ती म्हणाली. "किती वेळ लागला. टिटवे, खायला आहे का गं काही?"

९

डॉक्टर आले तेव्हा आई दुसऱ्यांदा जेवत होती. ते बापावर चिडून गेले.

दुपारी प्रयोग झाला. मामांनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?" आणि तिने ऐकलं. डोक्याच्या वर कुणी नव्हतं. समोर एक म्हातारा माणूस होता, त्याचा गुडघा दुखत होता, त्याला खरोखर तहान लागली होती, आणि आपण वाक्य विसरू अशी धास्ती त्याच्या डोळ्यांत होती. इतके दिवस तिने मामांकडे धड बघितलंच नव्हतं. तिला त्यांची दया आली, आणि भीतीही वाटली, आणि त्यातूनच तिचं उत्तर निघालं. ते पूर्वीसारखं अंगावर काटा आणणारं नव्हतं. साधं होतं.

पडदा पडल्यावर मास्तर विंगेत आले. "आज काहीतरी वेगळं केलंस."

"चुकलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "आज मला मामाही दिसले."

मग त्या घराचे दिवस पालटले. नाटक गावोगाव गेलं. ते काम दोघी बहिणी आळीपाळीने करू लागल्या. लोक दोघींचंही बघायला यायचे आणि कोण बरी यावरून भांडत घरी जायचे. पुढे ताईने स्वतःची नाटकाची शाळा काढली. तिथे ती शिकवायची, आणि धाकटी मागच्या रांगेत बसून पहिल्यांदाच रीतसर शिकायची. आईच्या बांगड्या मनगटाशी घट्ट बसल्या. पाहुणा कसा दिसत होता, असं धाकटीने तिला एकदाच विचारलं. आई म्हणाली, "मी कशाला बघू? मी आपली वाट दिली."

सगळं कळल्यावर बाप ती खुर्ची मोडायला निघाला होता. आईने मोडू दिली नाही. एवढी चांगली वीण आहे म्हणाली, आणि स्वतः तिच्यात बसून दाखवलं. मग ती खुर्ची नाटकात गेली. मामा तीत बसायचे, आणि शेवटच्या वाक्याला गुडघा धरून उठायचे.

बाप प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत असायचा. सगळे लेकीकडे बघायचे, तो बघायचा खुर्चीच्या बैठकीकडे. मामा उठले की वीण जराशी वर यायची आणि सपाट व्हायची. दर वेळी झाली. ती झालेली नीट बघितल्यावरच तो टाळ्या वाजवायचा, सगळ्यांच्या मागून आणि सगळ्यांहून जोरात.